खुब्यात बसवलेल्या सांध्याची नोंद, तपासणी आणि जबाबदारी : मागणीपत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय (घाटी), छत्रपती संभाजीनगर

महोदय,

दौलताबाद आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरील, खुब्याचा सांधा बदललेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक यांच्या संघटनेतर्फे हे मागणीपत्र सादर करीत आहोत. आमच्यात सीताफळ-अंजिराच्या बागेत राबणारे आहेत, किल्ल्याच्या पायथ्याशी दुकान लावणारे आहेत, रिक्षा चालवणारे आहेत. बऱ्याच जणांचा खुब्याचा गोळा म्हातारपणाने झिजलेला नाही. हाडाचा रक्तपुरवठा तुटल्यामुळे तो ऐन चाळिशीत खचला. चाळिशीत बसवलेल्या सांध्याला पुढची तीस-पस्तीस वर्षे काढायची असतात. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या राष्ट्रीय नोंदींवरून २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार शंभरातले सुमारे ५८ सांधे २५ वर्षे टिकतात. म्हणजे आमच्यातल्या पुष्कळांना पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जावे लागणार, हे उघड आहे. त्या दिवशी सर्जनला पहिली गोष्ट कळायला हवी ती ही की, आत नेमके काय बसवले आहे.

संघटनेच्या बैठकीत सदस्यांनी आपापली कागदपत्रे आणली. प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून केसपेपर निघाले, एक्स-रेची पाकिटे निघाली, औषधांची बिले निघाली. बहुतेक डिस्चार्ज कार्डांवर एवढेच होते : ‘उजव्या खुब्याचे सांधेरोपण केले.’ कंपनी नाही, मॉडेल नाही, लॉट नंबर नाही, गोळा धातूचा की सिरॅमिकचा हेही नाही. वास्तविक इम्प्लांटच्या खोक्यात हे सगळे छापलेले स्टिकर येतात, ते कागदावर चिकटवायचेच असतात. मोटारसायकल घेतली तर चासी नंबर आरसी बुकात चढतो. हाडात ठोकून बसवलेल्या वस्तूचा नंबर मात्र रुग्णाच्या हाती नसतो.

याची किंमत देशाने एकदा मोजली आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या कंपनीचा ‘एएसआर’ हा सांधा धातूच्या वाटीत धातूचा गोळा अशा रचनेचा होता. दोन्ही भाग कोबाल्ट-क्रोमियमचे. घर्षणाने सुटणारे धातूचे कण भोवतालच्या मांसात साठत, हाड आणि स्नायू खराब करत आणि रक्तात कोबाल्ट वाढवत. कोबाल्ट फार वाढला तर हृदय, थायरॉइड, नजर, श्रवण यांवर परिणाम झाल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे. ऑस्ट्रेलियात हा सांधा २००९ अखेर बाजारातून निघाला, कारण तिथल्या राष्ट्रीय नोंदवहीत तो जास्त निकामी होताना दिसत होता. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत बोलावला.

भारतात हा सांधा सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत बसवला गेला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने याबाबत मुंबईत पोलिसांत तक्रार नोंदवली, हे आम्ही आदराने नमूद करतो. केंद्राने मात्र चौकशी समिती नेमली ती २०१७ मध्ये, डॉ. अरुणकुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली. तोवर साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नव्हता. त्यांच्यातले कितीतरी जण खुबा दुखला की वय झाले म्हणून गोळ्या घेत असतील. नोंद असती तर एका पत्राने ते तपासणीला आले असते. म्हणून या पत्रातली मुख्य मागणी नोंदीची आहे. बाकीच्या मागण्या तिच्यावर उभ्या आहेत.

कोणी विचारील, मग सरसकट सिरॅमिकच का मागत नाही? कारण निर्धोक असे एकही द्रव्य नाही. प्लॅस्टिकच्या, म्हणजे पॉलिएथिलीनच्या वाटीचा मान मोठा आहे. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ पासून ती वापरली. त्याआधी त्यांनीच वापरलेले टेफ्लॉन काही वर्षांत झिजून गेले होते. जुन्या पॉलिएथिलीनचे बारीक कण हाड पोखरतात, आणि दुखायला लागेपर्यंत बरेच हाड गेलेले असते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेल्या क्रॉसलिंक केलेल्या प्रकाराची झीज बरीच कमी आहे. सिरॅमिक त्याहून कमी झिजते, पण क्वचित फुटते. झिर्कोनियाच्या गोळ्यांचे काही लॉट फुटू लागले म्हणून २००१ मध्ये परत बोलवावे लागले होते. फुटलेल्या सिरॅमिकच्या जागी धातूचा गोळा बसवला, तर आत राहिलेल्या कणांवर तो घासून रक्तात कोबाल्ट धोकादायक पातळीवर गेल्याची उदाहरणे आहेत. वीस वर्षांपूर्वी काय बसवले होते हे दुसऱ्या सर्जनला कळणे म्हणूनच जिवाशी गाठ असलेली बाब आहे. महाग ते चांगले, हा हिशेबही आम्हाला मान्य नाही. क्रॉसलिंक पॉलिएथिलीनची वाटी आणि बारकाईने केलेली शस्त्रक्रिया आमच्यातल्या बहुसंख्यांना पुरेशी आहे.

तेव्हा आमचे मागणे असे. प्रत्येक रुग्णाला घरी सोडताना मराठीत ‘सांधा कार्ड’ द्यावे. त्यावर खोक्यातले स्टिकर, वाटी, अस्तर, गोळा आणि दांडा कशाचा आहे ते, आणि पुढच्या तपासणीची तारीख असावी. दुसरा स्टिकर केसपेपरवर लावावा आणि केसपेपर रद्दीत जाऊ देऊ नये. त्याच माहितीची राज्य सरकारच्या ताब्यातली, सक्तीची नोंदवही सुरू करावी. सुरुवात घाटीपासून आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतल्या रुग्णालयांपासून व्हावी, पण खाजगी दवाखान्यांना सूट नको. स्वीडनमध्ये खुब्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही १९७९ मध्येच सुरू झाली. आपल्याकडे सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे, ती ऐच्छिक आहे.

सरकारी खरेदीच्या निविदेत केवळ कमी दर पाहू नये. ब्रिटनमध्ये दहा वर्षांत शंभरातल्या पाचांपेक्षा जास्त सांधे बदलावे लागत असतील तर तो सांधा शिफारशीत बसत नाही. आपल्याकडेही तोच निकष लावावा. २०१० पूर्वी धातूवर धातू बसवलेल्यांचा जुन्या केसपेपरांवरून शोध घ्यावा, त्यांची रक्तातली कोबाल्ट-क्रोमियम तपासणी, एक्स-रे आणि गरज पडल्यास एमआरआय घाटीत मोफत करावा. रक्तात लिटरमागे ७ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त कोबाल्ट किंवा क्रोमियम आढळल्यास पुढचा तपास करावा, असा इशारा ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१० मध्येच दिला होता. इतर सर्वांचा ठरावीक वर्षांनी साधा एक्स-रे व्हावा. खुबा दुखत नसला तरी व्हावा. रोजंदारीवरचा माणूस दुखल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नाही, म्हणून बोलावणे दवाखान्याकडून जावे.

भरपाईबद्दल स्पष्ट लिहितो. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये चाचणीतल्या रुग्णाला भरपाईची तरतूद आहे. मान्यता मिळून बाजारात आलेले उपकरण बिघडले तर नाही. ‘एएसआर’च्या रुग्णांसाठी २०१८ मध्ये केंद्राने सूत्र ठरवले, कंपनीने ते न्यायालयात अडवले, आणि २०१९ मध्ये पडताळणी झालेल्या ६७ जणांना प्रत्येकी २५ लाख रुपये देण्याची तयारी दाखवली. कंबर मोडलेल्या माणसाने दिल्लीच्या कोर्टात जावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. नियमांत दुरुस्तीसाठी राज्याने केंद्राकडे लेखी आग्रह धरावा आणि त्याची प्रत आम्हाला द्यावी.

उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा केंद्राचा कार्यक्रम २०१५ पासून चालू आहे. त्यात तक्रार कशी करायची हे घाटीच्या अस्थिरोग विभागात मराठी फलकावर लावावे आणि ती भरून घ्यायला एक माणूस नेमावा.

या मागण्यांवर अस्थिरोग विभागप्रमुख आणि अन्न व औषध प्रशासनाचे स्थानिक अधिकारी यांच्यासह एक बैठक बोलवावी. आमच्यातल्या अनेकांना जिने चढणे जमत नाही, त्यामुळे ती तळमजल्यावर ठेवावी. सदस्यांच्या डिस्चार्ज कार्डांच्या झेरॉक्स प्रती, त्यांच्या संमतीने, सोबत जोडल्या आहेत.

आपले,
खुबारोपण झालेले रुग्ण व नातेवाईक,
दौलताबाद, जि. छत्रपती संभाजीनगर