घोषणा हवामानाच्या, रस्ते मोटारवाल्यांचे

2021 साली ग्लासगो परिषदेत भारताने 2070 पर्यंत कर्बउत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याची घोषणा केली. परंतु घोषणेची कसोटी खर्चाच्या अग्रक्रमात लागते. 13 जुलै 2024 रोजी ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचा शिलान्यास झाला. खर्च 16,600 कोटी रुपये, लाभार्थी मुख्यतः मोटारवाले. उलट ठाणे-दिवा पाचव्या-सहाव्या रेल्वेमार्गाचा शिलान्यास 2008 चा. तो खुला झाला 2022 मध्ये. त्यानंतरही, 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ खच्चून भरलेल्या लोकलमधून पडून प्रवाशांचे बळी गेलेच.

लोकलची वीज बव्हंशी कोळशाचीच, हे खरे. पण हजारो माणसे एकाच गाडीने गेली की माणशी इंधन मोटारीच्या मानाने अत्यल्प लागते. म्हणजे हवेवर सर्वांत कमी भार टाकणारा कल्याण-डोंबिवलीचा चाकरमानी दाराला लोंबकळतो. आणि 26 जुलै 2005 सारखी अतिवृष्टी झाली की पाणी शिरते ते त्याच्याच चाळीत.

ही दांभिकता केवळ येथलीच नव्हे. हवामानरक्षणाचे पुढारपण मिरविणाऱ्या कॅनडाच्या सरकारने 2018 साली 450 कोटी कॅनेडियन डॉलर मोजून ट्रान्स माउंटन ही तेलवाहिनी विकत घेतली. उपदेश जनतेला, तिजोरी तेलाला!

म्हणून लोकलच्या वाढीव फेऱ्यांची मागणी हे निव्वळ प्रवाशांचे गाऱ्हाणे नव्हे. तोच श्रमिकांचा हवामानविषयक कार्यक्रम आहे. कार्यकर्त्यांनी तो फलाटाफलाटावर मांडला पाहिजे.