आडनाव उसने, पुण्याई कोणाची?

‘आमच्या दिब्रिटो घराण्यात संत होऊन गेला,’ असे अभिमानाने सांगणारे धर्मग्रामस्थ आम्हांस अधूनमधून भेटतात. संत जॉन दे ब्रिटो १६४७ साली लिस्बन येथे जन्मले, येशूसंघात दाखल झाले आणि मदुराई मिशनात आले. तेथे त्यांनी भगवी वस्त्रे व शाकाहार पत्करला. तमिळ जन त्यांना अरुळ आनंदर म्हणत. ४ फेब्रुवारी १६९३ रोजी ओरियूर येथे त्यांचा शिरच्छेद झाला. १९४७ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. या हुतात्म्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु त्यांना आपले पूर्वज ठरविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

याच आडनावाचा फिलिप दे ब्रिटो ब्रह्मदेशात सिरियमचा सत्ताधीश होऊन बसला होता. त्याने तेथील पॅगोडे लुटले. १६१३ साली ब्रह्मी राजाने त्याला सुळावर चढविले. संत आपले पूर्वज, तर हा लुटारू कोणाचा? त्याचे नाव मात्र कोणी काढीत नाही!

वस्तुस्थिती साधी आहे. १५३४ साली वसई पोर्तुगिजांच्या हाती गेली. पुढे आपल्या वाडवडिलांचे बाप्तिस्मे झाले आणि धर्मपित्याचे वा धर्मगुरूचे आडनाव त्यांना मिळाले. म्हणूनच रक्ताचे नाते नसलेली कुटुंबे आज एकाच आडनावाने ओळखली जातात. आडनाव बाहेरून आले. माती, बोली आणि शेतीवाडी इथलीच राहिली.

हे न उमजलेले लोक समाजाबाहेरही आहेत. २०१९ साली फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा काहींनी त्यांच्या धर्मावर बोट ठेवून विरोध केला. ज्याने ‘सुवार्ता’ अनेक वर्षे संपादिली, मराठीत बायबल सुबोध केले, हरित वसईसाठी लढा दिला, त्याच्या मराठीपणाची परीक्षा घ्यावी काय? जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनीच भूषविले. २०२४ साली ते प्रभुचरणी विलीन झाले. त्यांचा मान त्यांच्या लेखणीने मिळविला. आडनावाने फक्त अडथळाच आणला.

आडनावावरून माणसाला परका ठरविणारे आणि आडनावावरून स्वतःला थोर मानणारे, दोघांचीही चूक एकच. पहिल्यांशी आम्ही वाद घालू. दुसऱ्यांना मात्र, ते आपलेच असल्यामुळे, स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. संताचे आडनाव मिरविण्यापूर्वी त्याच्यासारखे शेजाऱ्याची भाषा आणि सुखदुःखे आपलीशी करून पाहा. धर्मपित्याने दिलेले नाव हे ऋण आहे. ते आपल्या आचरणाने फेडावयाचे असते.