कथेचे कूळ : रोकुगानच्या कादंबऱ्या आणि त्यांचे वाचक

मराठी समीक्षेत 'आश्रित' हे विशेषण वर्णन म्हणून क्वचितच वापरले जाते. बहुधा तो निवाडाच असतो. एखाद्या खेळाच्या किंवा चित्रपटाच्या कल्पित विश्वावर, त्या विश्वाच्या मालकाच्या परवान्याने आणि त्याच्याकडून मोबदला घेऊन लिहिलेली कादंबरी (सोयीसाठी तिला 'संलग्न कादंबरी' म्हणावे) ही तर आश्रितांमधील आश्रित. तिचा विचार करण्याची वेळ आलीच, तर तो वाचनाच्या समाजशास्त्राच्या खात्यावर टाकून साहित्यविचाराने मोकळे व्हावे असा प्रघात आहे. प्रघात सोयीचा आहे खरा, परंतु त्यामुळे या कादंबऱ्यांचे निष्ठावंत वाचक आपापसांत जी चर्चा करतात तिच्यातील वाङ्मयीन प्रश्न नजरेआड होतात. त्या चर्चेची परिभाषा समीक्षेची नसते; प्रश्न मात्र पुष्कळदा समीक्षेचेच असतात.

'लेजंड ऑफ द फाइव्ह रिंग्ज' या सामुराई-अद्‌भुत खेळाचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. संग्राह्य पत्त्यांचा हा खेळ १९९५ मध्ये अमेरिकेत निघाला आणि १९९७ मध्ये त्याला भूमिकानाट्याच्या खेळाची जोड मिळाली. नावावर सतराव्या शतकातील जपानी खड्गवीर मियामोतो मुसाशी याच्या 'गो रिन नो शो' या ग्रंथाची छाया आहे. खेळाचे विश्व म्हणजे रोकुगान हे साम्राज्य: वर दैवी वंशाचा सम्राट, खाली खेकडा, क्रौंच, ड्रॅगन, सिंह, फिनिक्स, विंचू आणि युनिकॉर्न ही सात थोर कुळे. प्रत्येक पत्त्यावर एखादी व्यक्ती, वास्तू, शस्त्र किंवा प्रसंग असे. पुष्कळशा पत्त्यांच्या तळाशी एखाददुसरे वाक्य छापलेले असे. या तुटक वाक्यांतून खेळणाऱ्याने साम्राज्याचा इतिहास जुळवायचा.

एवढ्यावर थांबले असते, तर हा खेळ इतर अनेकांसारखाच ठरला असता. रोकुगानचा विशेष असा की, तेथील इतिहास स्पर्धांच्या निकालांवर ठरत असे. एखाद्या कुळाचे पत्ते घेऊन खेळणारा मोठ्या स्पर्धेत जिंकला की, पुढील कथेत त्या कुळाला त्याचे फळ मिळे. मानकरी कोण, मेले कोण, कोणती भूमी कोणाकडे गेली, अशा गोष्टींत खेळणाऱ्यांच्या विजय-पराजयाचा हात असे. वर्षानुवर्षे एकाच कुळाशी इमान राखणारा खेळाडू कथेकडे त्रयस्थपणे पाहू शकत नसे. तिच्यातील काही भाग त्याने स्वतः मिळवलेला असे.

हेन्री जेन्किन्स यांनी १९९२ च्या 'टेक्स्च्युअल पोचर्स' या ग्रंथात चाहत्या वाचकांसाठी मिशेल द सेर्तो यांचे रूपक वापरले: दुसऱ्याच्या रानात शिरून चोरून शिकार करणारा. दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांना ते शोभते. रोकुगानच्या वाचकाला ते लागू पडत नाही, कारण त्याला रानात मालकानेच बोलावले होते. त्याच्यासाठी मराठीत अधिक नेमका शब्द आहे, आणि योगायोगाने तो दोन्ही अर्थांनी येथे लागतो. तो एका कुळाचा होता आणि कथेच्या जमिनीवर कूळही होता. जमीन दुसऱ्याच्या नावावर, कसणे याचे.

अशा वाचकांपुढे २००० ते २००२ या काळात 'क्लॅन वॉर' ही सात कादंबऱ्यांची मालिका आली. विझर्ड्स ऑफ द कोस्ट या प्रकाशनाने काढलेल्या या मालिकेत एकेका कुळाच्या नावाने एकेक कादंबरी होती. पहिली 'द स्कॉर्पियन' आणि शेवटची 'द लायन' या दोन्ही स्टीफन डी. सलिवन यांच्या, मधल्या कादंबऱ्यांपैकी 'द क्रेन' आणि 'द ड्रॅगन' री सोझबी यांच्या. लगोलग २००२-०३ मध्ये सम्राट तोतुरीच्या चार वारसांची 'फोर विंड्स' ही मालिका निघाली. 'क्लॅन वॉर'मधील घटना वाचकांना नव्या नव्हत्या. विंचू कुळाचा प्रमुख बायुशी शोजू सम्राटाची हत्या करतो, कोवळ्या वारसाच्या देहात फू लेंग हा पतित देव शिरतो, यादवी माजते, अखेर सिंह कुळाचा पदच्युत सेनानी तोतुरी सिंहासनावर येतो. हे सारे पत्त्यांतून आणि स्पर्धांतून आधीच घडून गेलेले होते. कादंबरीने ते ग्रंथबद्ध करायचे होते.

अशा कादंबऱ्यांवर वाचक बोलू लागले की पहिला प्रश्न हमखास ठरलेला असतो: हे असेच घडले होते काय? पत्त्यावर एक सांगितले असेल आणि कादंबरीत दुसरे, तर प्रमाण कोणते मानायचे? खेळाच्या नियमपुस्तकात दिलेला इतिहास श्रेष्ठ की कादंबरीकाराचा? बाहेरच्या माणसाला हा काथ्याकूट वाटतो. पण शेतकरी सातबाराचा उतारा ज्या नजरेने वाचतो, ती नजर येथे ध्यानी घेतली पाहिजे. आपण घेतलेले पीक नोंदीत बरोबर उतरले आहे ना, एवढेच तो पाहत असतो. मराठी वाचकाला ही वृत्ती अगदीच अनोळखी नाही. 'मृत्युंजय' १९६७ मध्ये प्रसिद्ध झाल्यापासून आजवर 'हे महाभारतात कोठे आहे?' हा प्रश्न थांबलेला नाही, आणि तो विचारणाऱ्यांत व्युत्पन्न मंडळीही आहेत.

मात्र हा प्रश्न जेथे संपतो तेथे वाङ्मयाचा प्रश्न सुरू होतो. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात प्रख्यात कथावस्तूविषयी केलेले विवेचन या संदर्भात आठवते. केवळ घडलेले सांगून कवीचे काही प्रयोजन साधत नाही, ते काम इतिहास करतोच. पूर्वकथेत रसाला प्रतिकूल असे काही असेल तर ते टाकून अनुकूल प्रसंग कल्पावा. पण ज्या कथांचा रस लोकमानसात सिद्ध होऊन बसला आहे, तेथे त्या रसाला विरोधी असे स्वेच्छेने काही घालू नये, असा त्याचा आशय. परवान्यावर लिहिणाऱ्या कादंबरीकाराला यापेक्षा उपयुक्त सल्ला देता येणार नाही. 'क्लॅन वॉर' मालिकेचे दुखणेही याच कसोटीवर कळते. सात कुळांचा हिशेब सात पुस्तकांत चुकता करायचा असल्याने कथन पुष्कळ ठिकाणी इतिवृत्ताच्या ओझ्याखाली वाकते. अमुक लढाई यायला हवी, अमुक वीर दिसायला हवा, म्हणून तो दिसतो. पहिल्या कादंबरीला त्यातल्या त्यात आधार आहे तो शोजूच्या पेचाचा. शेवटचा हान्तेई सम्राटच फू लेंगला परत आणील, या भाकितावर विश्वास ठेवून तो साम्राज्य वाचवण्यासाठी राजद्रोह करतो आणि त्याच कृतीने ते भाकीत खरे होण्याची वाट मोकळी करतो. हा पेच मुळातच शोकात्म आहे. तेथे लेखकाला घटना शोधाव्या लागत नाहीत, फक्त माणूस उभा करावा लागतो.

या सगळ्या व्यवहाराची सैद्धान्तिक मांडणी खुद्द जपानमध्ये फार पूर्वी झालेली होती, आणि रोकुगानच्या अमेरिकन चर्चेत तिची आठवण क्वचितच निघते याचे नवल वाटते. काबुकी व बाहुलीनाट्याच्या परंपरेत नाटककार आधी 'सेकाई' म्हणजे विश्व निवडतो: प्रेक्षकाला ठाऊक असलेला काळ, पात्रे, त्यांचे संबंध. मग त्यात तो 'शुको' म्हणजे आपली नवी कल्पना घालतो. १७४८ चे 'कानादेहोन चुशिंगुरा' हे नाटक सत्तेचाळीस स्वामिहीन सामुराईंच्या त्या मानाने अलीकडच्या सूडकथेवर आहे; पण ते 'ताइहेइकी'च्या, म्हणजे चौदाव्या शतकाच्या विश्वात बसवलेले आहे. समकालीन सामुराईंच्या घटना रंगभूमीवर उघडपणे आणण्यास शोगुनशाहीची बंदी होती, हे त्याचे व्यावहारिक कारण. रसिकाला मात्र विश्व जुने आणि कल्पना नवी यांच्या ताणातूनच आनंद मिळे. समीक्षक ओत्सुका एइजी यांनी १९८९ मध्ये हीच जोडी वापरून चॉकलेटच्या वेष्टनात मिळणाऱ्या 'बिक्कुरीमान' चित्रांचे विवेचन केले. प्रत्येक चित्रामागे कथेचा एक तुकडा छापलेला असे. मुले चॉकलेट बाजूला टाकून तुकडे जमवत आणि त्यांतून मागचे अदृश्य विश्व उभे करत. विश्व पुरते हाती आले की ग्राहक स्वतःच नवा शुको रचू शकतो, मग मूळ निर्मात्याचे स्थान काय राहते, हा ओत्सुका यांचा प्रश्न होता. सहा वर्षांनी निघालेल्या रोकुगानच्या पत्त्यांना तो जसाच्या तसा लागू पडतो.

त्या प्रश्नाचे व्यापारी उत्तर २०१५ मध्ये मिळाले. मूळ कंपनीने खेळाचे सर्व हक्क फँटसी फ्लाइट गेम्स या कंपनीला विकले. २०१७ मध्ये नव्या मालकाने खेळ नव्या रूपात आणला आणि कथा पुन्हा यादवीच्या आधीच्या काळात नेऊन ठेवली. वीस वर्षांत खेळाडूंनी जिंकून घडवलेला इतिहास नव्या कथेपुरता झालाच नाही असे ठरले. आपल्याकडे १९५७ च्या कृषकदिनाने कसणाऱ्याला जमिनीचा मालक मानले. कथेच्या कुळांसाठी असा कायदा कोठेच नाही. जमीन कुळांसकट विकली गेली आणि जुन्या पिकाची नोंद उरली ती फक्त जुन्या पत्त्यांत, नियमपुस्तकांत आणि त्या दहाबारा कादंबऱ्यांत. ज्या कादंबऱ्यांना काही वाचक सामान्य म्हणत आले, त्याच आता त्यांना पुरावा म्हणून जवळ कराव्या लागल्या. साहित्यकृतीचे मोल तिच्या गुणांखेरीज इतर कारणांनीही कसे बदलते, याचे हे उदाहरण अभ्यासकांनी टिपून ठेवावे असे आहे.

नव्या मांडणीतील एक बदल विशेष चर्चेचा. जुन्या कथेत क्रौंच कुळाचा प्रमुख दोजी होतुरी हा पुरुष होता आणि विंचू कुळातील बायुशी काचिकोशी त्याचे गुप्त प्रेमसंबंध होते. नव्या कथेत त्याच्या जागी दोजी होतारू ही स्त्री आली. काचिकोशी असलेले प्रेम मात्र तसेच राहिले. येथे 'असे घडले नव्हते' एवढेच म्हणणारा वाचक आणि 'जे महत्त्वाचे ते टिकले' असे म्हणणारा वाचक यांच्यातील अंतर केवळ आवडीनिवडीचे नाही. पहिला इतिवृत्ताला धरून बसतो. दुसरा, आनंदवर्धन न वाचताही, सिद्ध रस कशात आहे हे विचारतो. दोन वैरी कुळे, कर्तव्य आणि वासना, अपरिहार्य विश्वासघात ही जर त्या कथेची नाडी असेल, तर होतारू ही होतुरीपेक्षा उणी ठरण्याचे कारण नाही. उलट, आपापल्या पदाच्या जबाबदारीत अडकलेल्या दोन स्त्रियांमुळे तो ताण अधिक सूक्ष्म होण्याची शक्यता आहे.

असे असले तरी या वाचकवर्गाची बाजू सरसकट घेण्याचे कारण नाही. कुळाभिमान हा वाङ्मयीन निकष होऊ शकत नाही. आपल्या कुळाचा वीर हरला म्हणून कादंबरी वाईट आणि जिंकला म्हणून चांगली, हा न्याय मैदानावरचा आहे. दुसरे असे की, 'अस्सल सामुराई वृत्ती' कोणत्या प्रसंगात दिसली, यावर होणाऱ्या वादांत बुशिदोची जी संहिता गृहीत धरली जाते, तिचा जगप्रसिद्ध अवतार नितोबे इनाझो यांनी १९०० च्या सुमारास पाश्चात्त्य वाचकांसाठी इंग्रजीतून मांडलेला आहे. रोकुगान हे जपान नाही. त्यात चीन आहे, मंगोल स्टेप आहे, मुख्य म्हणजे अमेरिकेने पाहिलेले जपानी चित्रपट आहेत. त्यातील चूक दाखवण्यासाठी जपानच्या इतिहासाचा दाखला देणे आणि अडचण आली की 'हे तर कल्पित विश्व' म्हणून निसटणे, ही दुटप्पी सोय लेखक आणि वाचक दोघेही घेतात.

गंमत अशी की, हक्क विकले गेल्यानंतर निघालेल्या कादंबऱ्याच कादंबऱ्या म्हणून अधिक सकस आहेत. २०२० पासून अकोनाइट या प्रकाशनाने काढलेल्या पुस्तकांना सम्राट, यादवी आणि महायुद्ध यांचा हिशेब द्यायचा नव्हता. जॉश रेनॉल्ड्स यांच्या 'पॉयझन रिव्हर'मध्ये दाइदोजी शिन हा क्रौंच कुळातील ऐषआरामी, वरवर निरुपयोगी उमराव एका व्यापारी शहरातील विषारी तांदळाचा छडा लावतो. तांदूळ हीच संपत्ती असलेल्या समाजात एक पोते काय करू शकते, हे त्या कादंबरीला कळते. रेनॉल्ड्स यांच्याच 'द फ्लॉवर पाथ' या २०२२ च्या कादंबरीत शिन नाट्यगृहाचा आश्रयदाता असतो. शीर्षकातील 'पुष्पपथ' म्हणजे काबुकीतील हानामिची, प्रेक्षकांच्या मधून रंगमंचाकडे जाणारी वाट. मारी ब्रेनन यांच्या २०२१ च्या 'द नाइट परेड ऑफ हंड्रेड डीमन्स'मध्ये डोंगरातले एक एकाकी खेडे, त्याला छळणारी पिशाचे आणि दोन वेगवेगळ्या कुळांतील दोन अभ्यासू पुरुषांमध्ये हळूहळू जुळत जाणारा स्नेह एवढाच ऐवज आहे. ब्रेनन यांचे शिक्षण मानववंशशास्त्र आणि लोकविद्येचे. तोरियामा सेकिएन याच्या १७७६ च्या पिशाच-चित्रसंग्रहापर्यंत जाणारी परंपरा त्यांनी सजावट म्हणून वापरलेली नाही, गावाच्या भयाला तिच्यातून आकार दिला आहे.

या कादंबऱ्यांवर बोलताना वाचकांचा सूरही बदललेला जाणवतो. 'असे घडले होते काय' हा प्रश्न शिनच्या बाबतीत विचारताच येत नाही, कारण त्याच्या हकिकती कोणत्याही स्पर्धेत कोणी जिंकलेल्या नाहीत. त्याऐवजी नोकर-अंगरक्षकांचे संवाद, शहराची रचना, शेतकऱ्याचे जिणे कितपत दिसते, प्रेम कुळधर्माच्या आड आले तर काय, असे प्रश्न येतात. सेकाई तीच, शुको आता लेखकाची. मात्र एक गोष्ट त्याबरोबर गेली. या कथांवर वाचकाचा हक्क इतर कोणत्याही कादंबरीच्या वाचकाइतकाच आहे, त्याहून कणभरही अधिक नाही. जुना खेळाडू त्या आवडीने वाचतो आणि तरीही त्यांना आपल्या म्हणत नाही, याचे कारण येथे शोधावे लागते. नव्या पत्त्यांच्या खेळाचा शेवटचा संच २०२१ मध्ये निघाला. कादंबऱ्या त्यानंतरही येत राहिल्या. ब्रेनन यांच्या मालिकेतील तिसरी २०२४ मध्ये आली.