करुणरसाचे नवे खेळणे

‘खेळ’ हा शब्द आपल्या सुशिक्षित घरांतून दोन निरनिराळ्या सुरांत उच्चारला जातो. मूल पाच वर्षांचे असेतोपर्यंत त्या सुरात कौतुक असते. तेच मूल दहावीच्या वर्गात जाऊन बसले की तोच शब्द गाऱ्हाण्याचा होतो. त्यातून तो खेळ मोबाइलवरचा अथवा संगणकावरचा असला, तर विचारावयासच नको. शहापूर-मुरबाडकडील आमच्या घरांतून आता विटीदांडूची जागा बव्हंशी या खेळांनी घेतली आहे, आणि वडीलधाऱ्यांचा त्यांविषयी एकच अभिप्राय कानी येतो : वेळेचा आणि डोळ्यांचा नाश. हा अभिप्राय सर्वस्वी खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु ज्याचा निषेध करावयाचा त्याच्या जाती तरी ओळखाव्यात, एवढी अपेक्षा न्यायबुद्धीला धरूनच आहे.

या व्हिडिओ गेमांची पहिली जात म्हणजे मारामारीचे व शर्यतीचे खेळ. त्यांना अंत नसतो. म्हणून त्यांत गुंतलेल्या मुलालाही जेवणाची वेळ उरत नाही. दुसरी जात पैसे लावून खेळण्याची. ती म्हणजे नाव बदलून आलेले द्यूतच होय, आणि 2025 च्या ऑगस्ट महिन्यात आपल्या संसदेने त्यावर बंदी घालणारा कायदा केला, हे योग्यच झाले. या दोहोंहून निराळी अशी एक तिसरी जात आहे, आणि आजचे चार शब्द तिच्याविषयी आहेत. हे खेळ लहान असतात. पुष्कळसे दोन-चार तासांत, म्हणजे एखाद्या नाटकाइतक्या वेळात संपतात. ते मोठ्या कंपन्यांनी नव्हे, तर चार-दोन माणसांनी, क्वचित एकट्याने रचलेले असतात. त्यांत जिंकणे-हरणे गौण असून एक कथा सांगितलेली असते, आणि ती कथा बहुधा दुःखाची असते : मरण, वियोग, युद्ध, विस्मृती, अपराध.

उदाहरणे दिल्यावाचून हे पटावयाचे नाही. अमेरिकेतील रायन व एमी ग्रीन या दांपत्याचा जोएल नावाचा मुलगा अवघा एक वर्षाचा असताना त्याच्या मेंदूत कर्करोग निघाला. वैद्यांनी थोड्या महिन्यांची मुदत दिली होती. मूल त्याहून बरीच वर्षे जगले आणि 2014 च्या मार्चमध्ये, वयाच्या पाचव्या वर्षी गेले. आईबापांनी त्या दिवसांचा एक खेळ केला. ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ हे त्याचे नाव. 2016 च्या जानेवारीत, जोएलच्या जन्मतिथीस तो प्रसिद्ध झाला. दुसरे उदाहरण लुकास पोप या एकट्या गृहस्थाने रचलेल्या ‘पेपर्स, प्लीज’ या 2013 मधील खेळाचे. त्यात खेळणारा एका काल्पनिक जुलमी राज्याच्या सीमेवरील नाक्याचा कारकून असतो. जितके कागद तपासावे तितका पगार, आणि घरी बायकापोरे थंडीने व भुकेने आजारी. एके दिवशी एका नवऱ्याचे कागद बिनचूक असतात, आणि मागून आलेल्या त्याच्या बायकोजवळ परवाना नसतो. शिक्का खेळणाऱ्याच्या हातात असतो.

तिसरे उदाहरण शिक्षकांनी विशेष ध्यानी घ्यावे असे आहे. पोलंडमधील ‘इलेव्हन बिट स्टुडिओज’ यांनी 2014 साली ‘धिस वॉर ऑफ माइन’ नावाचा खेळ काढला. 1992 पासून 1996 पर्यंत साराजेव्हो शहरास जो वेढा पडला होता, त्याच्या हकिकतींवरून तो सुचलेला आहे. युद्धाच्या खेळात सैनिक व्हावयाचे असते, असा आपला समज. येथे मात्र वेढ्यात सापडलेले साधे नागरिक व्हावे लागते. औषध संपते, शेजारच्या घरी म्हातारा-म्हातारी असतात, त्यांच्याजवळ अन्न असते; चोरावे की उपाशी राहावे, हे ठरवावे लागते. 2020 साली पोलंडच्या सरकारने हा खेळ वरच्या इयत्तांच्या विद्यार्थ्यांसाठी ऐच्छिक वाचनाच्या यादीत घातला. खेळ वाचनाच्या यादीत, हे ऐकून आपल्याकडील मुख्याध्यापकांच्या भुवया उंचावतील. पण त्या देशाने युद्ध पाहिले आहे, आणि ते मुलांना कसे सांगावे याचा विचारही त्याने केला असला पाहिजे.

यावर एक आक्षेप सहजच निघतो. संसारात दुःख काय थोडे आहे, की ते मुलांनी खेळातही शोधावे? हा आक्षेप नवा नाही; नाटकावरही तो पूर्वी येऊन गेला आहे. आपल्या परंपरेने त्याला दिलेले उत्तर मोठे मार्मिक आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात नाट्याच्या उत्पत्तीची कथा आहे. इंद्रादी देव ब्रह्मदेवाकडे गेले आणि त्यांनी मागितले काय, तर एक खेळणे : जे डोळ्यांनी पाहता येईल व कानांनी ऐकता येईल असे. ब्रह्मदेवाने त्यांना नाट्यवेद दिला. म्हणजे आज आपण ज्याला अभिजात कला म्हणून नमस्कार करितो, ते मुळात मागितले गेले खेळणे म्हणून. आणि त्या खेळण्यात भरताने जे आठ रस सांगितले, त्यांत शृंगार-हास्यांच्या पंक्तीला करुण, भयानक आणि बीभत्स हेही मानाने बसले आहेत. शोक घरात असला तर तो शोकच. तोच रंगभूमीवर आला म्हणजे त्याचा करुणरस होतो, आणि पाहणारा रडूनही समाधानाने घरी जातो, हे आपल्या शास्त्रकारांनी कधीच ओळखले होते.

मग या नव्या खेळण्यात नवे ते काय? नवा आहे तो हात. नाटकाचा प्रेक्षक खुर्चीत बसून असतो. रामाने सीतेचा त्याग केला तर तो रामाने केला, प्रेक्षकाने नव्हे. या खेळांत मात्र शिक्का मारणारा, चोरी करणारा, आजाऱ्याच्या उशाशी बसणारा हात खेळणाऱ्याचा स्वतःचा असतो. याला संस्कृत वाङ्मयात जवळचा दृष्टांत शोधू गेल्यास मला भवभूतीच्या उत्तररामचरिताचा सातवा अंक आठवतो. गंगेच्या काठी वाल्मीकींनी रचलेले नाटक अप्सरा करून दाखवितात; विषय आहे त्याग केलेल्या सीतेची पुढील दशा. प्रेक्षकांत राम आहे. तो इतका व्याकुळ होतो की, हे नाटक आहे याची आठवण लक्ष्मणाला त्यास करून द्यावी लागते. इतर प्रेक्षक सीतेचे दुःख पाहतात. राम स्वतःच्या कृतीचे फळ पाहतो. त्या एका आसनावर हे खेळ प्रत्येक खेळणाऱ्यास नेऊन बसवितात. ‘अरेरे’ म्हणणे सोपे आहे. ‘हे माझ्या हातून झाले’ हे म्हणावयास लावणारे शिक्षण दुर्मीळ आहे.

हे सारे पुस्तकी पांडित्य वाटू नये म्हणून शहापुरातील एक हकीकत सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी, आता चाळिशी उलटलेला, दोन वर्षांपूर्वी विधुर झाला. पत्नीला कर्करोग, आसनगावहून लोकलने परळच्या रुग्णालयाच्या खेपा वर्षभर चालल्या होत्या. घरात एक मुलगा, अकरावीतला. एके दिवशी तो गृहस्थ येऊन म्हणाला, “मास्तर, तुम्ही तरी त्याला समजवा. रात्री अंधारात संगणकापुढे बसून तो कर्करोगाचा खेळ खेळतो आणि रडतो. हे काय वेड म्हणावे?” मी विचारले, “तू त्याच्याजवळ बसून पाहिलास का रे तो खेळ?” त्याने पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी रात्री आम्ही दोघे त्या मुलाच्या मागे खुर्च्या टाकून बसलो.

मघा सांगितलेला ग्रीन दांपत्याचाच तो खेळ. त्यात रुग्णालयातील रात्रीचा एक प्रसंग आहे. मूल तहानेने रडत असते, पण दिलेले पाणी पोटात ठरत नाही. बाप त्याला उचलतो, खोलीत फिरवितो, झोके देतो. खेळणाऱ्याने वाटेल ते करून पाहावे, रडणे थांबत नाही. अखेरीस बाप थकून देवाची प्रार्थना करतो, तेव्हा कोठे मूल निजते. मुलगा एकामागून एक सारे उपाय करून पाहत होता. मागून त्याचा बाप हळूच म्हणाला, “काही उपयोग नाही रे. असंच असतं. तुझ्या आईच्या वेळी मीही असाच नुसता फेऱ्या घालीत होतो.” मुलाने मागे वळून पाहिले. “बाबा, तुम्ही हे मला कधीच सांगितलं नाहीत,” एवढेच तो म्हणाला. त्यानंतर खेळ बाजूला राहिला. मी काठी घेऊन निघालो, तेव्हा दोघे बोलत होते.

आपल्या घरांतून तेरावे-चौदावे यथासांग होते, वर्षश्राद्धाची तिथी चुकत नाही. परंतु गेलेल्या माणसाविषयी बापलेकांनी एकमेकांशी बोलावे, याला मात्र आपल्याकडे विधी नाही. पुरुषाने डोळ्यांत पाणी आणू नये, मुलापुढे तर नाहीच, असे आपले वळण. त्या वळणाने कित्येक घरांत दोन माणसे एकाच दुःखाभोवती निरनिराळ्या खोल्यांत बसून असतात. एक परदेशी खेळ त्या भिंतीस दार पाडू शकला, याचे श्रेय त्याला द्यावयास मला संकोच वाटत नाही.

हे खेळ केवळ परदेशातच होतात असेही नाही. आपल्या शेजारच्या गोव्यात अरमान संधू यांनी ‘फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह’ या नावाने असे दोन खेळ रचिले आहेत. पहिला ‘रेनस्वेप्ट’, 2019 चा. पावसाने झोडपलेल्या एका गावात एक जोडपे मृत सापडते, आणि तपास करता करता गुन्ह्यापेक्षा त्या दोघांचे दुखावलेले पूर्वायुष्यच उलगडत जाते. दुसरा ‘फर्गॉटन फील्ड्स’, 2021 चा. त्यात लेखणी अडून बसलेला एक लेखक, आईने बालपणीचे घर विकावयास काढले म्हणून, तेथील शेवटच्या मेळाव्यास जातो. यात खून नाही, भूत नाही. केवळ एक घर हातचे जात आहे. शहापूर-मुरबाडच्या वाचकांना याचा अर्थ फोड करून सांगावयास नको. एकीकडे नाशिकचा महामार्ग, दुसरीकडे समृद्धी महामार्ग. जमिनींचे भाव वाढले, मुले कल्याण-पुण्यास अथवा त्याहूनही दूर गेली, आणि वाड्यांच्या जागी विश्रांतिगृहांच्या पाट्या आल्या. घर विकताना सातबारा पाहिला जातो. माजघरातील खुंटीवर कोणाची पगडी असे, हे विचारणारा कोणी नसतो.

एक उणीव मात्र सलते. नाट्यवेद निर्माण करताना ब्रह्मदेवाने तो सर्व वर्णांसाठी केला, असे भरतच सांगतो. आजचे हे खेळ बहुतेक इंग्रजीत आहेत. म्हणून ते इंग्रजी शाळेतील मुलांपुरते राहतात, आणि माळशेजच्या पायथ्याच्या पाड्यावरील मुलाच्या हाती मोबाइल असला तरी ही कथा त्याच्या कानी जात नाही. मराठीत असे खेळ व्हावेत, आणि ते आपल्याच मातीतील असावेत. विषयांना तोटा नाही. तानसा, भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईला जाते. तानसाचे तर 1892 पासून. आणि याच तालुक्यातील कित्येक पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. एका मुलीने डोक्यावर हंडा घेऊन टेकडी चढावी, वाटेत ती जाडजूड जलवाहिनी लागावी, आणि पाणी सांडले तर पुन्हा खाली उतरावे, एवढाच खेळ कोणी रचला आणि मुंबईतील आपल्या नातवंडांनी तो अर्धा तास खेळला, तर नळाकडे पाहण्याची त्यांची दृष्टी बदलल्यावाचून राहणार नाही.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. करुणरस हा पथ्याने घ्यावयाचा रस आहे. यांतील काही खेळांत आत्मघाताचे व बालमृत्यूचे प्रसंग आहेत. उदाहरणार्थ ‘व्हॉट रिमेन्स ऑफ इडिथ फिंच’ हा 2017 मधील नावाजलेला खेळ एका कुटुंबातील एकामागून एक मृत्यूंचाच आहे. असले खेळ लहान मुलांच्या हाती देऊ नयेत, आणि ज्याचे मन आधीच खचलेले आहे त्याला तर एकट्याने खेळू देऊ नयेच. खेळ सुटल्यावरही मूल दिवसेंदिवस उदास राहिले, जेवेनासे झाले, तर उपदेश करीत न बसता वैद्याचा सल्ला घ्यावा. दुसरे असे की, मुलाने काय खेळावे हे ठरविण्याआधी पालकांनी ते एकदा स्वतः पाहावे. नाटकास मुलांना नेताना आपण शेजारी बसत होतोच. येथेही तेवढेच करावयाचे आहे.

येत्या सुटीत एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवावी, अशी वाचकांना माझी विनंती आहे. मुलाला म्हणावे, “तुझा तो खेळ मला दाखव.” चष्मा पुसून बसावे, मध्ये बोलू नये, आणि संपल्यावर एकच प्रश्न विचारावा : “त्या जागी तू असतास तर काय केले असतेस?” उत्तर ऐकताना घाई करू नये.