साठीनंतरचं दप्तर

ठाणे जिल्ह्यात, मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटं गाव आहे. ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, तिथं आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती उभी केली. पण इच्छा मूळची गावातल्या बायकांची. पोथी आपली आपल्याला वाचता यावी, एवढंच मागणं. गुलाबी साडीचा गणवेश, खांद्याला दप्तर, त्यात पाटी-पेन्सिल.

या आज्यांचं आम्हाला फार कौतुक वाटतं. ज्या गावात उभा जन्म गेला, तिथं चारचौघांच्या, नातवंडांच्या देखत दप्तर घेऊन घराबाहेर पडायचं. अंगठा उठवायची सवय असलेल्या हातानं वेडावाकडा ‘अ’ गिरवायचा. याला छाती लागते. ‘या वयात आता काय करायचंय शिकून?’ हे आपल्याकडे चाळिशीतल्या बाईलाही ऐकवतात, आणि बहुतेक वेळा घरचेच ऐकवतात!

तुमचंही काही मागे राहिलं असेल. पेटी, पोहणं, अर्धवट सुटलेली पदवी. या महिन्यात सुरुवात करा आणि कसं चाललंय ते आम्हाला जरूर लिहा. पुढच्या अंकात तुमच्या पत्रांसाठी दोन पानं राखून ठेवली आहेत.