पस्तीसशेचा माज

शुक्रवारी रात्री मित्राचा फोन. "अरे, कन्व्हर्टर ऑर्डर करतोय. पस्तीसशे स्टॉलचा!" आवाज असा, जणू पोराला आयआयटीत अ‍ॅडमिशन मिळाली. मी विचारलं, कॅम कुठला आहे? "बघावं लागेल." मागचा गिअर? "ओरिजिनलच असेल बहुतेक."

झालं! म्हणजे डेटाबेस किती मोठा ते माहीत नाही, पण सर्व्हर मात्र सगळ्यात महागडा पाहिजे.

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी: ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेलाने भरलेला एक डबा असतो, तो टॉर्क कन्व्हर्टर. इंजिनाकडचा पंखा तेल फेकतो, त्या तेलाने गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. हा दुसरा पंखा जागेवर धरून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिला, तर इंजिन ज्या आरपीएमला जाऊन अडकतं तो स्टॉल स्पीड. मोठा कॅम टाकला की इंजिनाचा जोर वरच्या आरपीएमला सरकतो, म्हणून स्टॉलही थोडा वर न्यावा लागतो. थोडा!

आणि गंमत म्हणजे डब्यावरचा आकडा हा डब्याचा गुण नाहीच. तोच कन्व्हर्टर 350 स्मॉल ब्लॉकमागे लावा आणि 454 बिग ब्लॉकमागे लावा. दुसरीकडे टॉर्क जास्त, म्हणून स्टॉलही जास्त. गाडीचं वजन, टायर, मागचा गिअर न विचारता जो दुकानदार नुसता आकडा विकतो, त्याच्याकडून मी तर बोल्टसुद्धा घेणार नाही.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. माझी 1972 ची नोव्हा: 350 इंजिन, टर्बो 350 गिअरबॉक्स, मागे 3.08. मीही असाच माज करून पस्तीसशे टाकला होता. हिशोब सोपा आहे हो. 26 इंची टायरवर ताशी 65 मैलांना इंजिन साधारण 2600 वर फिरायला हवं. टॅकोमीटर दाखवायचा 3000 च्या वर. मधला फरक म्हणजे नुसतं घसरणं, आणि घसरणं म्हणजे उष्णता. या गिअरबॉक्सला लॉकअपही नाही. तेल 175 फॅरनहाइटच्या वर गेलं की दर 20 अंशांना त्याचं आयुष्य निम्मं, असा गॅरेजवाल्यांचा ठोकताळा आहे. ऑगस्टमधल्या वुडवर्ड ड्रीम क्रूझच्या गर्दीत, डेट्रॉइटच्या उन्हात, रांगत रांगत चार तास काढले. घरी येऊन डिपस्टिक ओढली तर तेल तपकिरी, वास करपलेल्या फोडणीचा. गिअरबॉक्स उघडावा लागला. त्या पैशात भारतवारीची दोन तिकिटं झाली असती, आणि हे बायकोने मला बऱ्याचदा ऐकवलंय.

"पण ड्रॅग स्ट्रिपवर..." हो, स्ट्रिपवर पस्तीसशे झकास. तिथे पाव मैल पळायचं आणि थांबायचं. तुम्ही ऑफिसला पाव मैल जाता का?

उलट टोकाचे महाभागही आहेत. तगडा कॅम टाकून कंपनीचाच कन्व्हर्टर ठेवतात, मग सिग्नलला गिअरमध्ये गाडी बंद पडते. असो.

माझ्या कॅमचा जोर 1800 च्या आसपास सुरू होतो. आता 2200 चा कन्व्हर्टर आहे आणि वेगळा ऑइल कूलर. गाडी सुटताना आधीइतकी उसळी घेत नाही, खरंय. पण मुलीला मागे बसवून अ‍ॅन आर्बरला जाऊन येतो आणि डिपस्टिकवरचं तेल लालच असतं.

मित्राला सांगितलं, ऑर्डर थांबव. उद्या सकाळी कॅमचं कार्ड घेऊन ये, गाडी जॅकवर चढवू आणि मागचा गिअर मोजू. तो म्हणाला, "कार्ड म्हणजे?"