प्रसारमाध्यमांचे अध्यापन आणि विद्यार्थ्यांचे निर्मितिप्रकल्प

पदव्युत्तर मराठीच्या अनेक अभ्यासक्रमांत प्रसारमाध्यमांच्या अभ्यासपत्रिकेला स्थान मिळाले, त्याला आता बराच काळ लोटला. या अभ्यासपत्रिकेबरोबर मॅक्लुहान, बार्थ, स्टुअर्ट हॉल ही नावे वर्गात आली. परंतु ती आली टिपणांच्या वाटेने. संकेतन आणि विसंकेतन यांच्या व्याख्या विद्यार्थी बिनचूक लिहितो, मात्र सकाळचे वर्तमानपत्र पूर्वीसारखेच वाचतो. ही फारकत दूर करावयाची, तर त्याला निर्मितीच्या पेचात उभे करण्यावाचून गत्यंतर नाही.

त्यासाठी खर्चिक सामग्री लागतेच असे नाही. पाण्याच्या टँकरभोवती जमलेल्या स्त्रियांचे एखादे छायाचित्र घ्यावे आणि त्याखाली तीन वेगवेगळ्या ओळी लिहावयास सांगावे. ‘पाण्यासाठी वणवण’, ‘अखेर टँकर आला’, ‘टँकरवर झुंबड’. पहिल्या ओळीत स्त्रिया पीडित ठरतात, दुसरीत शासनाच्या लाभार्थी, तिसरीत बेशिस्त जमाव. छायाचित्र तेच राहते. प्रतिमेच्या अनेकार्थतेला शब्द नांगर टाकतात, हे रोलाँ बार्थ यांनी १९६४ साली एका जाहिरातीच्या विश्लेषणातून मांडले. ओळ लिहिताना अडखळलेल्या विद्यार्थ्याला ते वेगळे समजावून द्यावे लागत नाही. हॉल यांनी १९७३मध्ये सांगितलेल्या वाचनाच्या तीन भूमिकाही येथेच तपासता येतात. ज्या विद्यार्थिनीने स्वतः अशा गर्दीत हंडा धरला असेल, तिला तिन्ही ओळी नामंजूर असण्याचा संभव अधिक. विरोधी वाचन म्हणजे काय, हे वर्गाने तिच्याकडूनच ऐकावे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला माध्यमांतराचा प्रकल्प अधिक जवळचा वाटतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चे निवेदन तरुण मास्तर प्रथमपुरुषात करतो. त्यातील एका प्रसंगाचे दृश्यविभाजन करावयास घेतले, की पहिलाच प्रश्न उभा राहतो : मास्तर चौकटीत दिसावा, की चौकट हीच त्याची नजर व्हावी? दिसला, तर वाडीप्रमाणे तोही पाहण्याचा विषय होतो. न दिसला, तर त्याचे अवघडलेपण कोठे ठेवावयाचे? अमोल पालेकर यांचा १९९५चा चित्रपट यानंतरच दाखवावा. आधी दाखविल्यास तयार उत्तराची नक्कल तेवढी हाती येते.

अशाने विभागांचे हौशी लघुपटांच्या कारखान्यांत रूपांतर होईल, ही भीती अगदीच निराधार नाही. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ विद्यार्थिदशेतील प्रकल्प म्हणून आकाराला आला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे उदाहरण अशा वेळी हटकून पुढे केले जाते. ते गौरवास्पद आहे. पण मूल्यमापनाचा निकष म्हणून घातक आहे. तयार कलाकृतीच्या सफाईला गुण दिले, की महागडा भ्रमणध्वनी असलेला विद्यार्थी पुढे जातो आणि संकल्पना मागे राहते. म्हणून निम्म्याहून अधिक गुण निर्णयांच्या नोंदवहीला असावेत : कोणते पर्याय टाकून दिले, का दिले, आणि पाहणाऱ्याने अपेक्षेहून वेगळा अर्थ लावला तेव्हा काय बदलले. फसलेला लघुपट आणि उत्तम नोंदवही यांना प्रथम श्रेणी मिळण्यास हरकत नसावी.

चाळीस विद्यार्थ्यांच्या नोंदी वाचणे एका अध्यापकाला जड जाते, हा आक्षेप मात्र खरा आहे. पाचजणांचे गट केले, तर आठ वह्या उरतात. गटात नोंद कोणी लिहिली आणि विचार कोणी केला, हे तोंडी परीक्षेतच कळेल. त्या परीक्षेसाठी वेळापत्रकात तास राखून ठेवणे विभागांच्या हाती आहे.